समासातली पेन्सिल

वेंगुर्ल्याच्या मिशनातली प्रश्नोत्तरी
बाबांनी बायण्याला आणली
पत्र्याच्या डब्यातून.
वर भाकरी, खाली देव.

प्रश्न: कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य काय?
उत्तर पाऊण पान.
समासात पेन्सिलीने:
‘आज रूथवर ओरडलो. कालवण खारट नव्हतंच.’

शब्बाथाच्या पानावर
गोदीतल्या जादा पाळीचे साडेतीन रुपये,
लिहून खोडलेले, पुन्हा लिहिलेले.

आणि जिथे मूर्तींना, मेणबत्त्यांना
साफ मनाई,
तिथे अक्षर हललेलं:
‘पियेदादची आवय गेली.
त्याला डोळे पुसायला हात हवा होता.
त्याची मेणबत्ती मी धरली,
खाडीचं वारं होतं,
विझू दिली नाही.’

या ओळींना बाबांनी आकडा घातलाय,
एकशे आठ.
छापलेले प्रश्न
एकशे सातच.