एकच मीटर

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत मीटर एकच.
त्याच्यावर बर्फाचा कारखाना, तीन ट्यूबलाइटी,
आणि मागच्या खोलीत, जाळ्यांच्या गठ्ठ्यांशेजारी,
डिझेलच्या परताव्याचा सगळा हिशेब पोटात घेऊन
रात्रंदिवस घुमणारा सर्व्हर.

फॉर्मात रकाना आहे: सर्व्हरचा वार्षिक कार्बन, किलोत.
मी रोहिदास चोगलेंना म्हटलं,
दहा मिनिटं कॉम्प्रेसर बंद कराल?
म्हणजे याचं एकट्याचं कळेल.
ते हसले. सात होड्या लागल्यात, रुबिनाबाय,
सुरमई थांबते काय तुमच्या रकान्यासाठी?

तिसऱ्या रात्री लाइट गेली.
पाजपंढरीपर्यंत सगळं काळं.
कारखान्याचा आवाज मध्येच तुटला
आणि खोलीत उरली यूपीएसवरची हिरवी अक्षरं:
तीनशे चाळीस वॅट.
तळहातावर लिहून घेतलं
जनरेटर खोकायच्या आत.

गुणिले चोवीस, गुणिले तीनशे पासष्ट, भागिले हजार.
युनिटामागे कोळशाचा धूर
पाऊण किलोच्या जरा वर धरला.
चोवीसशे किलोच्या आसपास आलं.
सर्व्हरला गरम होतं म्हणून लावलेला एसी
अजून धरलाच नव्हता.

चोवीसशे किलो धूर? तोललात कशात?
तोलला नाही. अंदाज आहे.
वाटलं, आता हसतील. हसले नाहीत.
लिलावात चांगुणाबाय टोपलीला हात न लावता
सांगते अठरा,
काट्यावर साडेसतरा भरतात.
पण ती चाळीस वर्षं टोपल्या बघतेय.
तुम्ही धूर किती वर्षं बघताय?

अकरा महिने, मी म्हणाले नाही.

शेवटचा रकाना: यंत्र घडताना झालेला कार्बन.
पाठीमागची पट्टी खाऱ्या हवेनं खाल्लेली,
देशाचं नाव गेलेलं, एक लांबलचक नंबर तेवढा शिल्लक.
कुठली खाण, कुठली भट्टी,
कुठलं जहाज. ते बहुतेक
इथूनच गेलं असेल, रात्री, लांबून, दिवे लावून,
आणि जाळं ओढता ओढता
कुणीतरी बघितलंही असेल.

शून्य लिहायला हात धजेना.
रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकेना.

बाहेरून हाक आली, लाइट आली, चालू करतो हां!
भिंत थरथरली. हिरवे आकडे विझले.
मी पट्टीकडे पुन्हा एकदा पाहिलं,
एक आकडा टाकला,
आणि पैसेवारीपुढे तलाठी लिहितो तो शब्द
शेराच्या जागी लिहिला:
नजरअंदाज.