एक मिनिट दहा सेकंद

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
मढवींच्या लेथमागच्या अर्ध्या गाळ्यात
माझा ड्रम फिरतो.
शुक्रवारी सगळी इस्टेट बंद. प्रेस मुके, ग्राइंडर मुके.
म्हणून भाजायचं शुक्रवारी:
कान लावता येतो.

गोणीवर मार्करने लिहिलंय १४२०.
एवढ्या मीटरवर पिकलं हे फळ,
थंडीत, धुक्यात, कुणी वाट बघत नसल्यासारखं.
म्हणून दाणा घट्ट. दातांत धरला तर दात हरतो.
लिंगप्पांनी गर काढला, टाकीत आंबवला,
चार पाण्यांतून धुतला;
फळाचं काहीच अंगावर ठेवलं नाही.
आता जे आहे ते त्याचं त्याचं.

आणि इथे खाडी. समुद्रसपाटीपासून आम्ही
जेमतेम दोन माणसं उंच.

हिरवट वास आधी. मग ओल्या पेंढ्याचा,
मग शेजारी कुणी पोळ्या लाटतंय असा.
चंदेरी साल सुटते, धुराड्यातून उडते,
मढवींच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन बसते.

आई चरईत थालिपीठाची भाजणी विकायची.
तिच्याकडे शेवटचा शब्द होता खमंग.
कच्चट राहिलं, ही शिवी.
हात माझा तिचाच आहे,
तो म्हणतो अजून, अजून जरा, रंग येऊ दे,
आणि मला त्याच हाताने
दार उघडायचं असतं
रंग यायच्या आत.

मढवींना कमी ऐकू येतं. एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर.
ड्रम त्यांनीच कातलाय जुन्या पाइपातून,
दार, दांडा, आणि एक स्क्रू उलट्या आट्यांचा,
का, ते सांगत नाहीत.
मी कान लावते. ते तळवा टेकवतात बेअरिंगजवळ.
“आली,” म्हणतात,
माझ्या आधी, दर वेळी माझ्या आधी.
मग मला ऐकू येते पहिली तड.
लाह्यांसारखी नाही, लाह्या गावभर बोभाटा करतात.
ही वरच्या मजल्यावर
कुणी एकटंच बोटं मोडत असावं तशी.

तिथून एक मिनिट दहा सेकंद.
वीस जास्त झाले तर डोंगर जातो
आणि उरते ती मी:
माझी आंच, माझा सिलिंडर,
कुणी कच्चं म्हणेल ही माझी भीती.

म्हणतातच.
घोडबंदरच्या एका हॉटेलातून दोन किलो परत आली,
वर चिठ्ठी: मॅडम, करपवा थोडी. दुधात दिसत नाही.

आठ दिवस ती डब्यात श्वास सोडते.
पुढच्या शनिवारी दोन पेले, बिनदुधाचे.
मढवी चहावाले. घोट घेतला, डोळा मिटला एक.
“आमसुलाचं पाणी,” म्हणाले. “त्यात मीठ विसरलात.”
बरं.
पेला लेथच्या कडेला ठेवला त्यांनी,
एक बुश कातली, मोजली, परत कातली.
पेला निवत गेला.
ऊन असताना ती नुसती ऊन असते,
निवताना बोलते. हे मी सांगितलं नव्हतं.

दुसरा घोट.
लेथ बंद केला.
“पपनस?”
मी गप्प.
“थांबा. पपनस नाही. त्याची साल.
सोलताना नखात राहते ना,
दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली तरी येतो वास,
ते.”
कोपरीला त्यांच्या मागच्या दारी झाड होतं.
कधी पाडलं, ते मी विचारलं नाही,
त्यांनी बोटाने हवेत रस्त्याची रुंदी दाखवली.

मग दोन चमचे साखर घातली, भरभरून,
ढवळली, आणि संपवली.
मी काय बोलणार.

“पुढच्या शुक्रवारी,” म्हणाले,
तळवा चिंधीला पुसत,
“पाच सेकंद आधी उघडून बघा.”