सातवा बॅरोनेट

हेळवी यंदा बैलावरून नाही, टमटममधून उतरला.
घंटा मात्र तीच, आणि काखेत तीच वही,
तेलकट फडक्यात गुंडाळलेली.
ओट्यावर बसून आधी पाणी मागितलं,
मग आमच्या पिढ्या म्हटल्या एका दमात.
जिथं अडला, तिथं खोकला.

म्हटलं, सायबण्णा, हे एक बघ.
विलायतेहून आलंय. चर्चच्या फादरनी माझ्याकडं दिलं;
पस्तीस वर्षं पोस्टात काढली म्हणजे
मेलेल्यांचेही पत्ते मला ठाऊक, असा त्यांचा समज.

घडी उघडली तर कागद चटईएवढा.
वर ढालीवर तीन बगळे,
खाली फांदी फांदी करत हॉलिंगशॉ घराणं.
पहिल्यानं राजाला पैसे मोजून किताब घेतला.
दुसऱ्यानं दलदल उपसून गहू पेरला,
तिसऱ्यानं तो गहू पत्त्यांत घालवला,
चौथ्यानं दारूवाल्याच्या एकुलत्या लेकीशी लग्न लावून
सगळा परत आणला.
पाचवा कुत्री पाळायचा. एवढंच लिहिलंय.
सहाव्याला तीन मुलगे:
थोरल्याला जमीन, मधल्याला पलटण,
धाकट्या अँब्रोजला सोलापूर.

सात रस्त्याजवळ भाड्याचा बंगला, वाळ्याच्या ताट्या,
आणि हिप्परग्याच्या तलावात किती पाणी उरलं
ते रोज मोजून लिहायची नोकरी.
वर्षात मधला बोटीवर तापानं गेला,
थोरला कुंपणावरून घोडा उडवताना.

पुढचं कागदावर नाही.
पण तार आमच्याच पोस्टातून गेली असणार,
आणि मी पोस्टातला, मला ते दिसतं:
साहेब कमरेइतक्या पाण्यात, हातात खुणांची काठी,
शिपाई काठावरून ओरडतोय, तार, साहेब, तार,
आणि तो मान न वळवता,
थांब रे, आकडा चुकेल.

असे सर अँब्रोज, सातवे बॅरोनेट,
नऊ दिवस बॅरोनेट होते.
प्लेगचं साल. डॉक्टरनं कारण लिहिलं, ऊन.
त्याच्या नावाखाली आडवी रेघ, शेजारी शब्द, निर्वंश.
किताब चुलतभावाकडं गेला,
त्याच्याकडून कुणाकडंच नाही.

सायबण्णानं रेघेवर बोट ठेवलं.
ही कुणी मारली?
म्हटलं, त्यांच्यातल्यांनीच.
बघायला आले होते काय इथं?
आमच्यात रेघ मारायची तर
आधी गल्लीत विचारतात.

मग स्वतःची वही मागं मागं चाळत गेला.
निंगव्वा. कांड्या भरणारी. बंगल्यावर पाणी द्यायला जायची.
प्लेगच्या छावणीत बाळंत. मुलगा रेवणप्पा.
रेवणप्पाचा बाप
आणि इथं तो खोकला.

त्याचे खोकले मी लहानपणापासून ऐकतोय.
विसरल्याचा वेगळा असतो.

रेवणप्पा माझा पणजोबा.
त्यानं मागावर काढलेला एक काठ आमच्यात अजून आहे,
ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात.
बाकीच्या कोष्ट्यांनी मोर काढले, हत्ती काढले,
यानं एका पायावर उभे बगळे.
तीन, मग जागा सोडून पुन्हा तीन.
आम्ही म्हणायचो, हिप्परग्याचे आहेत.
हिप्परग्याला बगळे आहेतच की,
मी स्वतः मोजलेत, थंडीत पन्नास-साठ असतात.

सायबण्णाला दोन पायली ज्वारी दिली, एक टॉवेल,
शेंगाचटणीची पुडी, आणि चहा दोनदा.
त्यानं चहा बशीत ओतून फुंकला.
त्यांना काय कळवणार?
म्हटलं, कबर सापडली. दगड दुभंगलाय,
मधून लिंबाचं झाड आलंय, चांगलं हातभर जाड.
आणि?
आणि काही नाही.

त्यानं वहीतली ती कोरी जागा माझ्याकडं फिरवली.
पेन आहे का, म्हणाला.
मी आत गेलो शोधायला.
फळी बघितली, देवळी बघितली, कॅलेंडरमागं बघितलं.
बाहेर रिक्षावाला हॉर्न द्यायला लागला.
पेन खिशातच होतं.