तीन हाका

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
रात्री पावणेतीनला गार असलेली एकच खोली, माझी.
बाहेर मे महिना. भिंतीला हात लावला
तर अजून दुपार हाताला लागते.
सिद्राममामा शिट्टी खिशात टाकून आत येतात,
एसीखाली उभे राहतात, आणि उगाच आलो असं दिसू नये म्हणून
विचारतात, ‘काय बघालाव ताई?’

हिरव्या अक्षरांच्या चार ओळी, मामा.
गट, व्हीलॅन, पोर्ट, वेळ.
कॅमेऱ्यातून चित्र एकदाच निघतं
आणि ज्यांनी मागितलं त्यांच्याच तारेवर उतरतं:
गेट, गोदाम, मालकांची केबिन.
बाकीच्या वीस तारा गप्प.

मामा मान हलवतात, म्हणजे कळलं नाही.
जॅकार्ड बघितलाय ना?
वर पुठ्ठ्याचा एकच पत्ता फिरतो,
खाली सुतं ताटकळत,
भोक असेल तिथलाच हुक उचलला जातो,
तेव्हा कुठे चादरीवर मोर.
‘हां. असं मराठीत सांगा की.’

दर दोन मिनिटांनी स्विच विचारतो,
ऐकतंय का कोणी?
उत्तर नाही आलं तर थोडा थांबतो, मग नाव खोडतो.
राग नाही, सुतक नाही.
कॅन्टीनचा टीव्ही मात्र अजून हो म्हणतो आहे,
समोर टेबलांवर पालथ्या घातलेल्या खुर्च्या
आणि एक मांजर.

पुढची आज्ञा टाइप करते.
दोन राउटर. एक मास्टर, प्राधान्य एकशे वीस.
दुसरा बॅकअप, शंभर.
दोघांत मिळून एक पत्ता, जो दोघांचाही नाही,
आणि सगळा कारखाना त्याच पत्त्यावर विसंबून.
मास्टर दर सेकंदाला म्हणतो
आहे. आहे. आहे.
बॅकअप काही करत नाही. नुसता ऐकतो.
तीन हाका चुकल्या की उठतो.

भद्रावती पेठेत आमची खोली
निम्मी मागाची होती, निम्मी आमची.
त्या खडखडाटात आम्ही पोरं गाढ झोपायचो.
खडखड थांबली की अम्मा जागी.
नायना मागाला टेकून बसलेले असायचे,
तोंडाला फडकं, खोकला फडक्याबाहेर.
ती बोलायची नाही काही.
पदर खोचायची, तुटलेलं सूत थुंकी लावून जोडायची,
दांडा ओढायची,
आणि आमची कूस बदलून व्हायच्या आत
आवाज पुन्हा जागेवर.
पहाटे नायना उठले की ती बाजूला, स्टोकडे.
शेठच्या वहीत माल राजमौळी येमुल या नावानं.
नायना गेले त्यानंतरही
चार वर्षं त्याच नावानं.
कापडात जोड कुठे दिसलाच नाही कुणाला.

‘ताई, लाइट!’
एसी धापा टाकून थांबतो.
पहिल्या राउटरचा यूपीएस चिरकतो आणि मिटतो.
एक.
दोन.
तीन.
पडद्यावर एक ओळ वाढते:
बॅकअप होता, मास्टर झाला.
गोदामाचं चित्र क्षणभर गोठलं असेल.
कोणाचा फोन येत नाही.

मामा अंधारात विचारतात, ‘म्हणजे आता हा मोठा?’
पहिला परत येईस्तोवर.
‘आणि नाही आला तर?’
मी पुन्हा तीच आज्ञा देते, डोळे बारीक करून वाचते.
मास्टर: हाच.
बॅकअप: अज्ञात.
वहीत लिहून ठेवते, दोन अठ्ठावन्न, बॅटरी बदलणे,
आणि खाली दोनदा रेघ ओढते.

लाइट भद्रावती पेठेतही गेली असणार.
माग विकून नऊ वर्षं झाली.
अम्मा आता पंख्याच्या घरघरीवर झोपते.
उठून बसली असेल,
पदर खोचून,
कोणता आवाज थांबला ते शोधत.