दर बदलून मिळतील

जुईनगरच्या पुलाखाली माझा नंबर अजून आहे,
शेवटचा आकडा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पोस्टरखाली गेलाय.
तरी फोन येतात.
फ्लेक्सच्या जमान्यात पेंटर लागतो तो आकड्यांपुरता:
वडापाव पंधराचा अठरा कर, मिसळ सत्तरची ऐंशी,
आठाची शेपटी जरा लांब ओढ,
गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसलं की भांडण होत नाही.

अर्धे पैसे, अर्धं ताट, असा माझा हिशोब.

सेक्टर माझे नेहमी चुकतात.
कोपरखैरण्यात गोल गोल फिरतो,
मग कुठूनतरी करपलेला लसूण येतो
आणि कळतं, हां, थापाची मोमोची गाडी, इथून डावीकडे.
त्याच्या पाटीवर ‘तिखट’ मी लाल रंगात तीनदा लिहिलंय.
एकदा लिहिलं तर लोक ऐकत नाहीत, म्हणतो.

तुर्भ्याला मार्केटच्या गेटासमोर पहाटे चारला झुणका-भाकरी.
गोणी उतरवून आलेली माणसं उभ्याने खातात,
खांद्यावर कांद्याची सालं तशीच.
तिथे पाटीच नाही. लिहून देऊ का, विचारलं.
मालक पाटणकडचा, शिंगटे.
“येकच तर हाय. वाचत कोण बसंल?”

सीवूड्सला कुरियनच्या मेसची पाटी
समोर कागद धरून उतरवली,
जिलेबी पाडावी तशी अक्षरं, एकाचाही अर्थ ठाऊक नाही.
त्याने चष्मा लावून वाचली. हसला नाही,
म्हणजे बरोबर असणार.
मग जाड लाल भात आला, आणि मासा,
त्यात काळं काहीतरी आंबट,
आमच्या आमसुलाचा थोरला चुलतभाऊ.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर हात टेकलेत.
‘शेजवान’ मी चार प्रकारे लिहिलंय,
चौघांनीही आपापला हट्ट धरला. चव एकच.
ज्याच्या पाटीवर नव्वद पदार्थ त्याची कढई एक.
हे कुणाला सांगत नाही,
नव्वद ओळींचे पैसे मिळतात.

करावे गावात वत्सला मढवीची खानावळ.
पत्र्याची पाटी, निळ्यावर पांढरं, माझ्याच हातची,
पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.
बोलावलं तेव्हा दर बदलायचे नव्हते.
“ती चौथी लाईन पूस.”
चौथी ओळ: निवट्यांचं कालवण.
म्हटलं, आज संपलं असेल तर वर कागद चिकटव.
“संपलं नाय रं. ह्यांच्या गुडघ्यांनी चिखल सोडला,
नि चिखलानी निवट्या. कुठून आनू?”
नवरा गल्ल्यावर सुट्टे मोजत होता. वर पाहिलं नाही.

जुना निळा आणि नवा निळा कधी एक होत नाहीत,
कुठल्याही पेंटरला विचारा.
दोन हात मारले. ओळ गेली.
त्या दिवशी पैसे घेतले नाहीत,
सुक्या वाकट्या नि तांदळाची भाकरी घेतली.
दुसरीही घेतली.

मे महिन्यात पुन्हा त्या बाजूला गेलो.
उन्हाने वरचा निळा उडाला होता
आणि खालून ‘निव’ वर आलं होतं, मागोमाग ‘ट्यां’.
एक पोरगा, गळ्यात कंपनीचं कार्ड,
पाटीखाली मान वर करून विचारत होता,
“काकी, निवट्यां म्हणजे काय?”

वत्सलाबाईने माझ्याकडे असं पाहिलं
की मी मुकाट स्कूटरच्या डिकीतून डबा काढला.
झाकण उघडतोय तोवर गल्ल्यावरून म्हातारा बोलला:
“बस. वहोटी लागली ना,
की आधी चिखलात नुसते डोले दिसतान त्यांचे…”

पोरगा बसला.
त्याच्यापुढे कुणी न सांगता बोंबील आले,
तो ऐकता ऐकता काटे काढत राहिला.

मी डब्याचं झाकण लावलं.
काम झालं नव्हतं, ताटावर हक्क नव्हता,
तरी बाकावर थोडी जागा होती.