खुलासा

बुधवारी सकाळी, सव्वासातला,
गुलमोहराच्या बुंध्यापासून नऊ पावलांवर
मशीन एकदा ओरडलं
आणि गप्प झालं.
मुठीपासून कोपरापर्यंत मुंग्या.
आधी वाटलं दगड.
मग वास आला, हिरव्या शेंगेसारखा.
दगडाला वास नसतो.

प्लगची टोपी काढली,
ती न काढणाऱ्या एकाची बोटं मी पाहिलीत,
आणि मशीन कुशीवर घातलं.
पातं वाकलेलं,
टोकाला सालीचा एक तुकडा, आतून गुलाबी.

हेरवाडे क्लार्क म्हणाले, लेखी खुलासा द्या.
कोरा कागद दिला, वर पेपरवेट ठेवला,
जसा काही मीच उडून जाणार होतो.

मेव्हण्याच्या ॲपेतून उद्यमनगर.
नजीर शिकलगारांच्या शेडमध्ये
तीन लेथ, एक चालू,
कढईतल्या भज्यासारखा तडतडणारा.
त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, आडवा.
"हे ठोकून सरळ करशील, तर
पुढच्या वेळी बूट एकच लागंल तुला."
पातं भंगारात टाकलं.
फ्लायव्हील उतरवलं, चिमट्यात काहीतरी धरलं:
नखाएवढी चावी, मधोमध कापलेली.
"मऊ धातूची असते. तुटायसाठीच बसवतात.
ही गेली म्हणून शाफ्ट वाचला."
मी हात जोडणार, तेवढ्यात त्यांनी
शाफ्ट लेथवर चढवला, डायल लावला,
हातानं सावकाश फिरवला.
काटा हलला.
"पुरता न्हाई वाचला. सहा थाऊ."
म्हणजे किती?
त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं.
"तुझं दोन केस. असतील तर."

शाफ्टचं कोटेशन मोठं होतं.
ऑफिसनं पातं मंजूर केलं, चावी मंजूर केली,
आणि मुळासाठी कुऱ्हाड.

शनिवारी शाळा सुटल्यावर
मी कुऱ्हाड बाजूला ठेवून खुरपं घेतलं.
मूळ मनगटाएवढं, जखम चार बोटं.
माती खुरप्याला दाद देईना,
फरशीच जणू.
आणि मग मांडी घालून बसलो,
कारण ही फरशी घातली कुणी ते आठवलं.
अकरा वर्षं दर रविवारी
गोलपोस्टापासून कुंपणापर्यंत
रोलर मी ओढलाय.
चेंडू सरळ पळावा म्हणून
दाबत आलो, दाबत आलो,
खाली वारा शिरायला जागा ठेवली नाही.
झाडानं काय करायचं?
नाक वर काढलं.

सामन्याची फक्की अर्धं पोतं उरली होती.
बुंध्यापासून बारा पावलं मोजली,
गोल मारला.
आत मशीन नाही, रोलर नाही,
गवत वाढलं तर विळा आहे, मी आहे.
सोमवारी सातवी ब च्या पोरांनी
त्या गोलाला पेनल्टी एरिया ठरवून टाकलं
आणि त्यावरून भांडणही झालं.

कागद अजून कोराच होता.
चौथ्या दिवशी लिहिलं:
मूळ मशीनच्या आड आलं नाही.
मशीन मुळाच्या आड गेलं.
चालवणारा मीच.
बाळगोंडा मगदूम, मैदान सेवक.
हेरवाड्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं,
आणि आवक नंबर टाकून फाइल केलं.

मशीन चालतंय.
सहा थाऊ तेवढे राहिलेत.
गवत कापून घरी आलो की
बशीत चहा ओततो
आणि बराच वेळ बघतो,
चहा हलायचा थांबत नाही.