खिळा न मारता

इथे करारातच लिहिलेलं असतं,
भिंतीला खिळा मारायचा नाही.
एकवीस वर्षं मस्कतात, सगळी रुवीतच,
आणि माझं कॅलेंडर अजून
फ्रिजच्या दारावर, चुंबकाच्या भरवशावर.

त्यामुळे मुकादमांच्या अफीफाने
राहत्या घरात गॅलरी उघडलीय म्हटल्यावर
मला आधी चित्रं सुचली नाहीत.
खिळे सुचले.

तिच्या आईची तऱ्हा वेगळी.
गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची, एवढंच तिला ठाऊक,
म्हणून तिने म्हणे आदल्या दिवशी
बाल्कनी घासून पुसून लख्ख केली,
आणि लेक हॉलमधला सोफा ढकलतेय हे पाहून
कपाळावर हात मारला.

गुरुवारी शटर लवकर ओढलं.
दुकान कार्गोचं, मालकाचं.
मी खोके बांधतो, काट्यावर चढवतो,
जाड मार्करने पत्ते घालतो:
मुक्काम पोस्ट हर्णै, मुक्काम पोस्ट बाणकोट.
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दाराबाहेर चपलांच्या गर्दीत
सेफ्टी बुटांची एक जोडी, धुळीने पांढरी.
दारावर कागद, तीन भाषांत 'या'.
मराठीतला 'या' थोडा तिरका,
लिहिता लिहिता कुणी हाक मारल्यासारखा.

आत सोफा नव्हता, टीव्ही नव्हता.
पडद्याच्या दांडीवरून मासे धरायची नायलॉनची दोरी सोडलेली,
प्रत्येक दोरीला एक चित्र.
"गाठ आजोबांची आहे," अफीफा म्हणाली,
"हर्णैला शिकले. ओढलं की घट्ट होते, सोडवायला मात्र दात लागतात."
वय एकोणीस. बोटांना निळा रंग,
त्याच बोटांनी मला सांदणाची बशी दिली.

चित्रांत खिडकीतून दिसतं तेवढंच.
मागचा करडा डोंगर,
गच्चीवरच्या टाक्या,
एसीखाली लावलेला पाण्याचा डबा, अर्धा भरलेला.
एकात भर दुपारी ओढलेला पडदा,
आणि त्याआड रात्रपाळीचा बाप,
फक्त पाऊल दिसतं, चादरीबाहेर.
त्यासमोर मी जरा जास्त थांबलो.
बूट कुणाचे ते कळलं.

मग आतल्या खोलीत वॉशिंग मशीन फिरायला लागलं,
जमीन थरथरली, वरून एसीचा झोत आला,
आणि ते पाऊल
हळूच गिरकी घेऊन पाठमोरं झालं.

पाठीमागे पुठ्ठा.
पुठ्ठ्यावर माझा मार्कर.
माझा तो पोट फुगलेला 'ण',
अर्धा पत्ता, आणि वर फुली.
वजन जास्त भरलं की माल दुसऱ्या खोक्यात जातो,
पहिला खोका दुकानामागे,
पावडरचा डबा काढू की चॉकलेटं, असं करत
गिऱ्हाईक घाम पुसतं,
मी फुली मारतो आणि विसरतो.

"तुमच्याच ढिगातले उचलले, काका. रागावलात?"

काय सांगणार.
एकेक चित्र वळत होतं,
डोंगरामागे दापोली तालुका,
टाकीमागे 'काच आहे, सांभाळून'.
जे कुठेच पोचले नाहीत तेवढेच खोके
इथे टांगलेले होते, आणि लोक
बशी हातात धरून त्यांच्यापुढे गप्प उभे होते.

मी डब्याचं चित्र घेतलं. बारा रियाल.
पाऊल विकायचं नव्हतं, मीही विचारलं नाही.
"पण लावू कुठे?" म्हटलं, "खिळा चालत नाही आमच्याकडे."
तिने हसून वावभर दोरी कापून दिली.
गाठ दोनदा दाखवली. दोनदा चुकलो.

आता जिना उतरतोय,
काखेत चित्र, खिशात दोरी,
बोटं खिशातल्या खिशात
तिसऱ्यांदा गाठ घालून बघताहेत.